अर्ध्या खताच्या सहा ओळी

बोरखेडे, ता. एदलाबाद
८ ऑक्टोबर १९९०

सुनंदास,

तुझं रजिस्टर पाकीट परवा मिळालं. पोस्टमनने सही मागितली तेव्हा मला वाटलं, दोन वर्षांनी का होईना, बाईसाहेबांना भावाची आठवण झाली. फोडून पाहतो तर आत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद आणि खाली पेन्सिलीने मारलेली फुली. मी पाकीट उलटं करून झटकलं. तुझी वहिनी म्हणाली, "झटकता काहाले? त्यातून काय शेंगदाने पडतीन?" पत्राचं चिटोरंसुद्धा नव्हतं. असो.

कागद घेऊन शाळेत झुलाल गुरुजींकडे गेलो. त्यांनी सावकाश वाचून सांगितलं. बंगलोरच्या विद्यापीठात डॉक्टरेट झालेल्या माणसांना दोन वर्षं नुसतं संशोधन करायला ठेवून घेतात, त्याला फेलोशिप म्हणतात, आणि जिवाणूंच्या खात्यात निवडायच्या लोकांत तुझं नाव पहिलं आहे. मी विचारलं, "डॉक्टर झाल्यावर आणखी काय व्हायचं राहतं?" गुरुजी म्हणाले, "जीवरामभाऊ, शोधायचं कसं ते ती आतापर्यंत शिकली. खरं शोधायचं आता." मला ते आवडलं. शाळेतून घरी येईपर्यंत भेटेल त्याला सांगत आलो. धुळ्याच्या कॉलेजात तुला दर एप्रिलला काढतात आणि दर जूनला परत घेतात, हे काय मला ठाऊक नाही? त्या उंबरठ्यावरून तू कायमची उठावीस असं मलाही वाटतं.

आता त्या कागदाचं. त्यात मी लिहून द्यायचं आहे की, चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये लावलेल्या आपल्या केळीच्या बारा ओळी तुझ्या प्रयोगाला दिल्या होत्या. त्यातल्या सहांना पूर्ण खत घातलं. उरलेल्या सहांना अर्धंच खत आणि तुझ्या बाटलीतलं जिवाणूंचं पाणी घातलं. आणि यात काही फेरफार केला नाही. ही सही तीस नोव्हेंबरच्या आत बंगलोरला पोचली नाही तर तुझं नाव गळेल आणि खालचं नाव वर येईल.

सही करायला मला काय, मी सोसायटीत ढिगाने सह्या करतो. पण काही गोष्टी विचारायच्या आहेत. एक, शेत अजून आबांच्या नावावर आहे. आबा वारून सहा वर्षं झाली, मग सही मी कशी करायची? दुसरं, फेरफार म्हणजे किती फेरफार? रानडुकरांनी चार झाडं मोडली होती, तो फेरफार का? तिसरं, माझा चष्मा फुटला आहे. हे सगळं मनात आल्यामुळे कागद देवघरात गणपतीच्या मागे ठेवला आहे. तू सविस्तर कळव.

वहिनी विचारते आहे, बाई जेवते कुठे.

जीवराम


२३ ऑक्टोबर १९९०

सुनंदास,

तुझं कार्ड मिळालं. "सात-बारा लागत नाही. डुकरांचं वहीत लिहिलं आहे. फक्त सही कर." एवढी तीन वाक्यं लिहायला पंधरा पैशांचं कार्डही तुला जास्तच झालं असेल. वर भाऊ नाही, खाली सुनंदा नाही. डॉक्टर लोक औषधाच्या चिठ्ठीवर तरी नाव लिहितात.

तुझा राग मला समजत नाही असं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीतलं ते अंगण मला रोज दिसतं. आदल्या वर्षी तू सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतंस की, बाटलीतलं पाणी घातलं तर अर्ध्या खतात तेवढाच घड येतो, माझ्या भावाच्या शेतात आला आहे. बारा जणांनी तसं केलं. बाराही जणांचे घड पोरक्यासारखे बारीक निघाले. ते सगळे अंगणात आले. पुढे आपल्या बांधाचा चुडामण. तो म्हणाला, "जीवरामभाऊ, तुमच्या भैनीनं सांगलं तसंच केलं. आता हे घड ट्रकवाल्याले दाखवू का देवाले वाहू?" तू ताठ उभी राहिलीस. म्हणालीस, "माझे आकडे बरोबर आहेत. भाऊंनी स्वतः खत घातलं आहे. भाऊ, सांग यांना."

आणि मी सांगितलं नाही. गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. तू माझ्याकडे पाहिलंस, मग पुन्हा पाहिलंस, मग आत जाऊन पिशवी भरलीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस ती गेलीसच.

तुला वाटलं, भाऊ गावाला भ्याला. मी तुला तसं वाटू दिलं. त्या दिवशी माझा घसा बसला होता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. तुझ्या वहिनीलाही. आणि तू निघून गेल्यावर मीच रागावल्यासारखं केलं, कारण रागावलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

पुढचं लिहायला घेतलं होतं. अर्धं पान लिहून फाडलं. मोटारीचा पट्टा तुटला म्हणून सालदार हाका मारतो आहे, तेव्हा इथेच थांबतो. खरं म्हणजे पट्टा काल तुटला.

जीवराम


५ नोव्हेंबर १९९०

सुनंदा,

हे पत्र बसून वाच. सुरुवात कुठून करावी मला कळत नाही, म्हणून आधी गोष्ट सांगून टाकतो आणि कारण मागून सांगतो. त्या सहा अर्ध्या ओळींना मी उरलेलं खत घातलं होतं.

झालं लिहून. मोकळं वाटतं आहे.

तू पुण्याहून महिन्यातून एकदा यायचीस. फीत घेऊन खोडं मोजायचीस, पानं मोजायचीस, आणि जायचीस. तुझ्या मागे त्या ओळींतून रोज मी जायचो. इकडच्या ओळीला दोन मुठी, तिकडच्या ओळीला एक मूठ आणि वर तुझं ते ताकासारखं पाणी. पहिला महिना पाळलं. दुसरा पाळला. श्रावणात मला ते सोसेनासं झालं. तू हसशील, पण तुला आपल्या गावची रीत ठाऊक आहे. लग्न असो की भंडारा असो, वरणाची बादली माझ्या हातात देतात. का देतात? कारण माझा हात कोणाच्या पानावरून कोरडा पुढे जात नाही. पाटील बसला असो की मागच्या टोकाला भिकारी बसला असो, पळी तीच, भरलेली तेवढीच. पंगतीत भेद करणाऱ्याला गाव माणसात धरत नाही. आणि तू मला रोज सकाळी पंगतीत भेद करायला लावत होतीस. तुझ्या दृष्टीने तो प्रयोग होता. माझ्या दृष्टीने ती एका मातीत लावलेली, एका दिवशी लावलेली झाडं होती. अर्ध्या ओळी माझ्याकडे बघतात असं मला वाटायचं. खरंच वाटायचं.

एकदा घातलं. मग वाटलं, आता एकदा घातलंच आहे. मग आणखी दोनदा घातलं.

तू नापास होऊ नयेस म्हणून घातलं, असं मात्र समजू नकोस. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती. घड कापून तू काट्यावर तोललेस आणि आनंदाने ओरडलीस, "भाऊ, सारखे आहेत, सगळे सारखे आहेत," तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला की ते सारखे का आहेत. तेव्हाच बोलायचं होतं. पण तू माझ्या पाया पडलीस. मग पुण्याला तुझा निबंध गेला, तू डॉक्टर झालीस, मी गावात पेढे वाटले. त्यानंतर सांगायला जागाच उरली नाही. दर महिन्याला ते जास्त अवघड होत गेलं. आणि मग तू ओट्यावर उभी राहून बारा घरांना सांगितलंस, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

काल तुझ्या वहिनीला, लताला, सांगितलं. मला वाटलं रडेल, भांडेल. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मले वाटलंच व्हतं. पोती हिशोबापेक्षा लवकर सरत व्हती." सहा वर्षं तिला वाटत होतं आणि ती बोलली नाही. या घरात सगळेच गप्प बसण्यात हुशार.

आता तू सांग, मी काय करू? सही केली तर खोटं. नाही केली तर तुझं बंगलोर गेलं. मला यातून काही सुचत नाही.

जीवराम


१७ नोव्हेंबर १९९०

सुनंदा,

मी शिव्यांची वाट पाहत होतो. तू तीन प्रश्न पाठवलेस. किती घातलं, कधी घातलं, कोणत्या ओळींना घातलं. तू रागावली आहेस की नाही, ते या तीन ओळींतून मला कळेना. गुरुजींनाही दाखवलं. ते म्हणाले, "हे शास्त्रज्ञाचं पत्र आहे, बहिणीचं मागून येईल." बघू.

किती: दर झाडाला एक मूठ युरिया. माझी मूठ म्हणजे किती, ते वाण्याच्या काट्यावर तोलून पाहिलं. पाच वेळा मूठ भरली. ऐंशीपासून नव्वद ग्रॅमपर्यंत आली. वाण्याने विचारलं, काय चाललं आहे. मी म्हणालो, बहिणीला हवं आहे.

कधी: तीनदा. नागपंचमीनंतरच्या आठवड्यात, दसऱ्यानंतर, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी.

कोणत्या ओळींना: इथे एक गोष्ट आहे, ती मी मागच्या पत्रात लिहिली नाही. विसरलो नव्हतो, लाज वाटली. सहापैकी चारच ओळींना घातलं. चुडामणच्या बांधाला लागून ज्या दोन होत्या, त्यांना घातलं नाही. तो दिवसभर बांधावर बसलेला असायचा. त्याने पाहिलं असतं तर गावभर केलं असतं की, शिकलेल्या बाईचा भाऊ चोरून खत घालतो. म्हणजे बघ, एवढा मी पंगतीचा वाढपी, आणि शेवटच्या दोन पानांना भिऊन उपाशी ठेवलं. त्या दोन ओळींना तुझ्या सांगण्याप्रमाणे अर्धंच मिळालं. तुझ्या वहीत प्रत्येक ओळीचं वजन वेगळं लिहिलेलं आहे ना? त्या दोन ओळींचे घड कसे होते? मला आठवत नाही. मला कळव.

आता मुख्य. या पाकिटात दोन कागद आहेत. एक तुझाच, छापलेला, त्यावर फुलीच्या जागी सही केली आहे. दुसरा साध्या कागदावर माझ्या हाताने मराठीत लिहिला आहे. मी जीवराम अमुक अमुक, मी चार ओळींना तीनदा जादा खत घातलं, दोन ओळींना घातलं नाही, माझ्या बहिणीला हे माहीत नव्हतं. त्यावरही सही आहे, साक्षीदार झुलाल गुरुजी.

जो हवा तो लाव, दुसरा फाडून टाक. पहिला लावलास तर मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, ती सवय मला आहे. दुसरा लावलास तर तुझं जे होईल ते माझ्यामुळे झालं, असं मी मानेन. हा निर्णय मी तुझ्यावर ढकलतो आहे हे मला कळतं. मी पंधरा दिवस प्रयत्न केला, मला करता आला नाही.

जीवराम


२ डिसेंबर १९९०

सुनंदा,

तुला हे कळलं असेलच. तुझी घरमालकीण पोटात काही ठेवणारी दिसत नाही. परवा, म्हणजे तीस तारखेला, मी धुळ्याला आलो होतो.

तुझं काही उत्तर येईना. तारीख जवळ येत गेली तसा मी घरात कोणाशी नीट बोलेनासा झालो. लता म्हणाली, "जाऊन या एकदाचे. नाहीतर त्या गाईले तरी मारू नका." मग सकाळच्या गाडीने निघालो. देवपुरात तुझी खोली शोधायला तास गेला. तू कॉलेजात होतीस. ओसरीवर घरमालकीण सुंदरबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तुम्ही तिना भाऊ का? दोन वरीस झायात, एक डाव बी उनात नही." दोन वर्षांत एकदाही आलो नव्हतो हे खरंच. त्यांनी चहा दिला.

मी विचारलं, माझं पाकीट आलं होतं का. "उनं ना. दोन कागद व्हतात. तिनी वाचात. बठ्ठं वाचं, परत वाचं. दोन दिन ती जेवनी नही धड. मंग एक कागद मन्हा चुल्हामा टाका, आनि एक पाकिटमा घाली पोस्टमा लई गयी."

मी कप खाली ठेवला. विचारलं, कोणता टाकला? छापलेला, की हाताने लिहिलेला?

"माले वाचता कोठे येस, भाऊ? कागद शे तो. बळी गया." म्हणजे जळून गेला, विषय संपला.

"रडली का ती?"

"रडनी नही. हासनी बी नही. मंग भाकर मांगी आनि खादी."

मी पुष्कळ खोदून विचारलं. कागदाचा रंग काय होता, घडी कशी होती, जाड होता की पातळ. बाई म्हणाल्या, चुलीत सगळे कागद सारखेच जळतात, आणि त्या गहू निवडू लागल्या. तू साडेचारला येशील असं त्यांनी सांगितलं. मी चारच्या गाडीने निघालो.

का निघालो ते विचारू नकोस. धुळ्यापर्यंत सहा तास बसमध्ये बसून जो माणूस येतो, त्याला अर्धा तास थांबता येऊ नये? पारोळ्यापर्यंत मला वाटत होतं की तू खोटा जाळलास, आणि माझा ऊर भरून येत होता. जळगाव आलं तसं वाटायला लागलं की खरा जाळलास, आणि बरंच झालं, पोरीचं भलं होईल. एदलाबादला उतरलो तेव्हा मला नक्की काय व्हावंसं वाटतं तेच समजेना. अजूनही समजलेलं नाही. तू लिही, काहीही लिही.

जीवराम


२० फेब्रुवारी १९९१

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र आलं. दोन पानं, आणि वर "भाऊ". ते एवढंच आधी वाचलं आणि लताला नेऊन दाखवलं. मग बाकीचं.

म्हणजे तू खरा कागद पाठवलास. तू लिहिलं आहेस की छापील कागद दोन दिवस उशीखाली होता, आणि तोच टाकायला तू पोस्टापर्यंत जाऊन आली होतीस. तेही लिहिलंस ते बरं केलंस. नाहीतर मला तुझ्यासमोर फार लहान वाटलं असतं. पुण्याचे तुझे सर आता तुझ्याशी बोलत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मी त्यांना लिहू का? झुलाल गुरुजी म्हणतात, लिहू नका, आणखी बिघडवाल.

विद्यापीठाचं उत्तर गुरुजींनी मला दोनदा समजावलं. यंदाची फेलोशिप दुसऱ्याला दिली. पण तुझा अर्ज त्यांनी कचऱ्यात टाकलेला नाही. प्रयोग पुन्हा करून ब्याण्णवच्या अखेरीस ये म्हणतात. फक्त या खेपेला शेत नात्यातल्या माणसाचं नको. तुला तेव्हा चौतीस पूर्ण होतील आणि वयाची अट पस्तीसची, म्हणजे ही एकच संधी. माझ्या एका मुठीने तुझी सहा वर्षं गेली. याच्यावर मला दुसरं काही लिहिता येत नाही. मला माफ कर, असं मी आजपर्यंत कोणाला म्हटलेलं नाही, तुला म्हणतो.

आणि त्या दोन ओळींचं तू लिहिलंस ते वाचून तर मी पुरता गोंधळलो. एक ओळ पूर्ण खताच्या तोडीची आणि दुसरी चांगलीच हलकी. मग बाटली खरी की खोटी? तू म्हणतेस, दोन ओळींवरून काहीच म्हणता येत नाही. तुमच्या शास्त्राचं हे मला आवडत नाही. माणूस विचारायला जातो आणि ते खांदे उडवतं.

शेताचं मात्र मी जमवलं आहे, आणि ऐकून तू कपाळावर हात मारशील. चुडामण.

दुसरं कोणी तयार होईना. शेवटी त्याच्या बांधावर गेलो आणि सगळं सांगितलं, मुठीसकट. तो ऐकत राहिला. मला वाटलं आता विळा उचलतो. तो म्हणाला, "म्हंजे आम्ही बारा जन तुह्या मुठीपायी बुडलो." मी हो म्हणालो. मग मी विचारलं, माझ्या बहिणीला बारा ओळी देशील का, सहांना अर्धंच खत घालायचं आहे. तो इतका हसला की त्याला खोकला आला. "अर्धं घालाले तुले माह्याच्यासारका मानूस भेटनार नाही. तुह्या भैनीच्या झाडाले एक दाना जास्तीचा पडनार नाही, देवाची आन." पण त्याच्या दोन अटी होत्या. एक, मी सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून बाराही जणांसमोर हे सांगायचं. दुसरी, घड कापेपर्यंत मी त्याच्या बांधाच्या आत पाय ठेवायचा नाही. "ठेवला तर बाटल्या तापीत फेकून देईन."

पहिली अट मी सोमवारी पुरी केली. अंगणात जे दोन वाक्यांत सांगायचं होतं, त्याला ओट्यावर पाऊण तास लागला. शिव्या खाल्ल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "याच्या हाती बादली देऊ नका रे, हा लोकाइचे पोटं फोडीन." सगळे हसले, मीही हसलो. मी सांगितलं की माझ्या बहिणीने काही लपवलं नाही, जे लपवलं ते मी. हे तुझ्या कानावर यावं म्हणून लिहितो.

जूनमध्ये कंद लावायला ये. उतरायचं कुठे हे विचारणार असशील तर येऊ नकोस.

तुझा भाऊ
जीवराम


१२ जानेवारी १९९२

प्रिय सुनंदा,

वहीतले डिसेंबरचे आकडे चुडामणने गुरुजींकडून लिहवून घेतले आहेत, ते वेगळ्या पाकिटात पाठवले आहेत. तो खत तागडीत तोलून घालतो. दाणा खाली पडला तर उचलून परत डब्यात टाकतो. तू त्याला जूनमध्ये सांगितलंस ना की बाटल्या माठाजवळ सावलीत ठेव, उन्हात जिवाणू मरतात, तेव्हा तो गप्प झाला होता. परवा त्याने स्वतःहून सांगितलं. सत्त्याऐंशीत त्याने आणि आणखी चौघांनी बाटल्या महिनाभर पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या. हे तो चार वर्षं बोलला नव्हता. म्हणजे गप्प बसणारं घर गावात माझं एकटं नाही. उरलेल्या सात जणांचं काय झालं, ते देव जाणे.

तू जूनमध्ये दोन दिवस राहिलीस, जेवलीस, लताशी बोललीस. माझ्याशी जाताना एकच वाक्य बोललीस, "भाऊ, तू बांधाच्या आत जाऊ नकोस." ते तू रागाने म्हणालीस की मायेने, यावर लताचं आणि माझं अजून एकमत नाही.

मी गेलेलो नाही. पण बांधावरून रोज जावं लागतं, आपली वाट तीच. कोणत्या ओळी अर्ध्या खताच्या आहेत ते तू मला सांगितलं नाहीस, खुंट्यांवर नुसते आकडे लिहिलेस. मला सांगायची गरजही नव्हती. तीस वर्षं केळी करतो, उपाशी झाड मी शंभर पावलांवरून ओळखतो. बांधापासून तिसरी ओळ. थंडीने सगळ्यांनाच चरका बसला आहे, पण या ओळीची खालची पानं पिवळी, खोड बारीक, माना टाकलेल्या. जाता-येता मला तिच्याकडे बघवत नव्हतं. लताने विचारलं, पुन्हा जेवण का टाकता. मी ताट सारून उठलो.

काल सकाळी मी सदऱ्याच्या खिशात युरिया भरून निघालो. हे मी तुझ्यापासून लपवू शकलो असतो. चुडामण एदलाबादला बाजाराला गेला होता. बांधावर कोणी नव्हतं. मी एक पाय उचलला. तेवढ्यात मला ते अंगण आठवलं, तू दोनदा माझ्याकडे पाहिलं होतंस ते. पाय मागे घेतला. घरी येऊन युरिया पोत्यात परत टाकला आणि गोठ्यात जाऊन रडलो. म्हातारा होत चाललो.

संध्याकाळी चुडामणला गाठलं आणि म्हणालो, मी आत आलेलो नाही, येणारही नाही, पण ती तिसरी ओळ मरते आहे, तेवढं बहिणीला कळव. त्याने वही काढली, आकडा लावून पाहिला, पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "जीवरामभाऊ, ती तर पूर्न खताची हाये." त्याने हे मला सांगायला नको होतं, त्याच्यावर रागावू नकोस.

मग मी त्याला दाखवलं, त्या भरलेल्या, रुंद पानांच्या, त्या कोणत्या? पाचवी आणि आठवी. दोन्ही अर्ध्या खताच्या. आणखी दोन ओळखल्या, त्यातली एक बरोबर आली, एक चुकली. तू म्हणशील, याच्यावरून काहीच म्हणता येत नाही, घड कापू दे. मी काही म्हणत नाही. मला बाटलीचं खरंखोटं कळत नाही.

पण सुनंदा, चौऱ्याऐंशी साली याच डोळ्यांनी मला ती झाडं उपाशी दिसली होती. ती खरंच उपाशी होती का, आणि तेव्हा मी कोणाला जेवू घातलं, ते आता मला सांगता येत नाही.

तुझा भाऊ
जीवराम